गुडघ्यांना गुण देणारं गाव, आणि जिकडे बघाल तिकडे पायऱ्या

आई आली की तिला कुठे कुठे न्यायचं हा अमेरिकेत आर्कान्सातल्या बेंटनविलमधल्या आपल्या लोकांचा उन्हाळ्यातला ठरलेला प्रॉब्लेम. क्रिस्टल ब्रिजेस हे चित्रांचं म्युझियम बघून झालं, वॉलमार्टचं म्युझियम बघून झालं ("दुकानाचं काय मेलं म्युझियम करायचं?" इति आई), सॅम्स क्लबचं मोठं दुकान तर तिसऱ्यांदा झालं. मग नवरा म्हणाला युरेका स्प्रिंग्सला जाऊ, तासाभराचा तर रस्ता आहे. आणि मी आईला सांगून बसले की अगं डोंगरातलं जुनं झऱ्यांचं गाव आहे, पूर्वी लोक लांबून लांबून तिथे बरे व्हायला यायचे.

चूक इथेच झाली. आईच्या डोळ्यांसमोर डायरेक्ट वज्रेश्वरी. गरम पाण्याचं कुंड, त्यात पाय सोडून बसायचं, गुडघ्यांना मस्त शेक. तिने गुपचूप टॉवेल आणि एक जुनी कॉटनची साडी पिशवीत भरली, हे मला तिथे पोचल्यावर कळलं.

बासष्ट नंबरचा रस्ता पुढे पुढे अगदी घाटासारखा होतो, ओझार्कचे डोंगर उंच नाहीत पण वळणं भरपूर, आईने आल्याची वडी काढून सगळ्यांना दिली. आणि मग गाव सुरू होतं. म्हणजे उतारांना चिकटवून ठेवल्यासारखी रंगीबेरंगी लाकडी घरं, नक्षीदार व्हरांडे, चुनखडीच्या दगडाच्या उंच भिंती. वस्ती जेमतेम दोन हजार. गावात सिग्नल एकही नाही आणि रस्ते एकमेकांना सरळ काटकोनात छेदतच नाहीत. फोनमधली बाई म्हणते आता उजवीकडे वळा, तर उजवीकडे जिना! पार्किंग शोधण्यात वीस मिनिटं गेली आणि मी नवऱ्याशी भांडले ते वेगळंच.

गावाच्या मधोमध बेसिन स्प्रिंग. सगळी स्टोरी या झऱ्यापासून सुरू होते. 1879 मध्ये सॉन्डर्स नावाचे एक जज पायाचं दुखणं घेऊन इथे आले, या पाण्याने बरं वाटलं असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं, आणि बघता बघता डोंगरात तंबूच तंबू. त्याच वर्षी 4 जुलैला गावाचं नाव पण ठेवून झालं. 1883 ला रेल्वे आली. म्हणजे आधी पेशंट आले आणि मग गाव वसलं! लाकडी गाव असल्याने आगी पण भरपूर लागल्या, म्हणून मग दगडात बांधायला लागले, आणि ते दगडी काम आजही बघत राहावं असं आहे.

आईने मात्र हे सगळं ऐकून घेतलंच नाही. ती वाकली, पाण्यात हात घातला आणि झटकन काढला. "अगं हे तर गार आहे!"

गारच असतं. इथले सगळे झरे गार, गंधकाचा वास वगैरे पण काही नाही, साधं पाणी. आणि आता तर ते पिऊ पण नका अशी पाटी आहे. मी आईला पाटी वाचून दाखवली. ती म्हणाली, "प्यायचं नाही असं लिहिलंय ना, लावायचं नाही असं कुठे लिहिलंय?" आणि पदराचं टोक भिजवून दोन्ही गुडघ्यांना लावलं, साडीवरूनच. शेजारी एक माणूस गिटार वाजवत बसला होता, त्याला यात काहीच विचित्र वाटलं नाही. या गावात कोणालाच काही विचित्र वाटत नसावं.

झऱ्याला लागूनच बेसिन पार्क हॉटेल आहे, 1905 चं. हे डोंगराला टेकून असं बांधलंय की प्रत्येक मजल्यावरून थेट जमिनीवर बाहेर पडता येतं, म्हणजे सगळेच ग्राउंड फ्लोअर. वरच्या अंगाला सेंट एलिझाबेथ चर्च आहे, तिथे तर घंटेच्या मनोऱ्यातून आत शिरायचं. तिथपर्यंत आम्ही ट्रॉलीने (ट्रॅमसारखी दिसणारी बस) गेलो कारण आईने जाहीर केलं की गुडघ्यांना बरं करणाऱ्या गावात इतक्या पायऱ्या ज्याने केल्या त्याला एकदा भेटायचंय.

एक प्रश्न मला नेहमी पडायचा, की एवढ्याशा गावात इतक्या गॅलऱ्या, इतके कुंभार आणि काचकाम करणारे आले कुठून. तर पाण्याची क्रेझ ओसरली, गाव ओस पडलं, आणि मग 1939 मध्ये लुई फ्रॉइंड नावाच्या चित्रकाराने इथलं एक पडायला आलेलं घर घेतलं. पुढे त्याने आणि बायकोने, एल्सीने, तिथे उन्हाळी आर्ट स्कूल चालवलं. घर कोणाचं, तर कॅरी नेशनचं, तीच ती कुऱ्हाड घेऊन दारूचे गुत्ते फोडणारी बाई. आज तिच्याच गावात शनिवारी संध्याकाळी गुत्ते असे भरलेले असतात की बसायला खुर्ची मिळत नाही.

मग क्रेसेंट हॉटेल. 1886 चं, डोंगराच्या माथ्यावर, किल्ल्यासारखं. भुतांची टूर घ्यायची का असं नवऱ्याने विचारलं, "आई, तुम्हाला भीती नाही ना वाटणार?" आई म्हणाली, भुतांची नाही वाटत हो, माणसांची वाटते. आणि तिथली खरी गोष्ट माणसाचीच निघाली. 1937 मध्ये नॉर्मन बेकर नावाच्या माणसाने हे हॉटेल घेतलं आणि कॅन्सरचं हॉस्पिटल काढलं. डॉक्टर नव्हताच तो! आधी स्टेजवर खेळ करायचा, मग रेडिओ स्टेशन चालवलं. जांभळे कपडे, जांभळी गाडी. ऑपरेशनशिवाय कॅन्सर बरा करतो म्हणून जाहिराती, लोक घरदार विकून येणार, आणि औषध काय तर असला तसला काढा. शेवटी पकडला तो टपालातून फसवणूक केली म्हणून, चार वर्षांची शिक्षा. चार वर्षं फक्त! तळघरात त्याचं शवागार अजून दाखवतात, आणि 2019 मध्ये आवारातल्या जमिनीतून त्याच्या काळातल्या बाटल्या सापडल्या. तिथे टूरच्या ग्रुपमधले लोक भुताच्या आशेने अंधारात फोटो काढत होते, मला ते जरा कसंतरीच झालं. आई एवढंच म्हणाली, "म्हणजे बुवाबाजी इथे पण."

65 फुटी ख्रिस्ताचा पुतळा गाडीतूनच बघितला, मला काही तो आवडत नाही, दोन हात चिकटवलेल्या दुधाच्या खोक्यासारखा दिसतो, आणि हे इथले लोक पण म्हणतात.

पण थॉर्नक्राउन चॅपल बघाच. 1980 चं, फे जोन्स या आर्किटेक्टचं. नुसतं लाकूड आणि काच, 425 खिडक्या, भोवती जंगल. झाडं तोडावी लागू नयेत म्हणून दोन माणसं उचलून नेतील एवढेच लाकडाचे तुकडे वापरलेत. आत ऊन सरकतं तशा वाशांच्या सावल्या सरकतात. आई बाकावर बसली ती अर्धा तास उठलीच नाही, आणि एरवी दर पाच मिनिटांनी काहीतरी विचारणारी बाई, एक शब्द नाही बोलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कठडा धरून, एक एक पायरी करत नेहमीसारखीच खाली आली. मी विचारलं, काय म्हणतायत गुडघे?

"एकदा लावून काय होतंय," ती म्हणाली. "तीनदा तरी जावं लागेल."