आठवण म्हणून नाही

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच नीट सांगते. दर उन्हाळ्यात मोगऱ्याच्या कळ्या न्यायला आलेलं कुणीतरी पोर्चमधल्या फियाटकडे बघतं आणि आवाज खाली आणून विचारतं, "ह्यांची आठवण म्हणून ठेवलीय ना, वहिनी?" नाही. आठवणीला भिंतीवर फोटो आहे. गाडी मी चालवते.

बागेबद्दल असं कुणी विचारत नाही. बाईला बागेची आवड असायचीच, असं सगळ्यांनी धरलेलं असतं. मार्गशीर्ष-पौषात मी मोगऱ्याचं पाणी तोडते, पानं काढून टाकते, छाटणी करून शेणखत घालते आणि मग पुन्हा पाणी सुरू करते. तेव्हा कुठे चैत्रात झाड कळ्यांनी भरतं. बटमोगऱ्याच्या गोल, मदनबाणाच्या लांब टोकदार, सगळ्या मिटलेल्या असतानाच दुपारी खुडायच्या. दिवेलागणीला घरात उमलतात. एवढा खटाटोप कशासाठी, हे मला कधी सांगावं लागलेलं नाही. पण गाडीच्या कार्बोरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक तोटी, काढून फुंकत बसले की बघणाऱ्याला वाटतं, बाई दुःखात आहे. 2023 च्या ऑक्टोबरात मुंबईची शेवटची पद्मिनी (आमच्या फियाटचंच दुसरं नाव) टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून गेली, तेव्हा मला सांत्वनाचे फोन आले!

खरं तर हे होते तोवर मी त्या गाडीच्या स्टिअरिंगला हातही लावला नव्हता. 1985 चं मॉडेल, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. "तुला ते जमायचं नाही," हे म्हणायचे. प्रेमानंच म्हणायचे, आणि मी शेजारी मांडीवर फुलांची परडी घेऊन बसायचे. ते गेल्यावर "विकून टाक" असं मुलाला सांगणारी मीच. पोर्चची जागा गुलाबांना मिळेल, असा माझा हिशेब होता, आणि तो हिशेब आजही मला खोडता येत नाही. गिऱ्हाईक आलं, म्हणालं, चालू करून दाखवा. घरात दुसरं कुणी नव्हतं. मी चोक ओढला, किल्ली फिरवली आणि इंजिन लागलं. त्या आवाजानं मला जो आनंद झाला तो मी कुणालाच सांगितला नाही. गिऱ्हाइकाला मात्र नाही म्हणून सांगितलं आणि गाडी शिकायला लागले.

पुढचं मेमधलं. पुण्याला मुलाकडून परत साताऱ्याला निघाले होते. तिथे गाडी ठेवण्यावरूनच बोलणं झालं होतं, "आई, हट्ट सोड" पर्यंत. मागच्या सीटवर हजारी मोगऱ्याची आणि अनंताची रोपं. सातारा जिल्ह्यातलं खंडाळा मागे टाकून खंबाटकी घाट चढायला लागले. भर दुपार, पुढे रखडत चाललेले ट्रक, पहिल्या गिअरमध्ये तापलेलं 1089 सीसीचं इंजिन. दोन आचके दिले आणि बंद पडलं. पुन्हा लागेना. मागे हॉर्नचा गदारोळ. एक ट्रकवाला उतरून आला. "मावशी, माणूस कुठाय तुमचा?"

वाईट हेतूनं विचारलं नव्हतं त्यानं. मी म्हटलं, "मीच आहे." त्यानं बॉनेट उघडलं, इंजिनाला चिकटलेल्या पेट्रोल पंपाजवळ हात नेला आणि म्हणाला, "पंप तापलाय, आत पेट्रोलची वाफ झालीय. वाफ पंपाला ढकलता येत नाही. ओलं फडकं आहे का?"

ओलं फडकं! दर मे महिन्यात याच घाटात हे गाडी थांबवून माझ्याकडे गजऱ्यांभोवती गुंडाळलेलं ओलं फडकं मागायचे. मला वाटायचं, हात पुसायला. इतकी वर्षं मी ते परडीतून काढून देत आले आणि बॉनेटमागे काय चालतं ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मी कठड्याला टेकून रडले. ट्रकवाल्याला वाटलं, घाबरलेय. मी रागावले होते, गेलेल्या माणसावर, अगदी मनापासून.

बाटलीत थोडंच पाणी उरलं होतं. मागे रोपांनी माना टाकल्या होत्या. सगळं पाणी मी नॅपकिनवर ओतलं, पंपाला गुंडाळलं, वाट बघितली. गाडी लागली. अनंत घरी येऊन वाळला. मोगऱ्यानं पानं गाळली, पण जगला.

म्हणजे आठवण आहेच की, असं तुम्ही म्हणाल. असेल. पण मला ज्या गोष्टीपासून लांब बसवलं होतं, ती मी शिकले, आणि तुम्ही ती त्यांच्या नावावर जमा करता याचा मला त्रास होतो.

मुलगा चुकीचं बोलतो असंही नाही. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या रबराला मानवत नाही. पंपाचा पडदा आणि नळ्या मी बदलून घेतल्या. पासिंग दर पाच वर्षांनी, आणि फेरनोंदणीची फी 2022 मध्ये 600 वरून 5000 वर गेली. 2030 च्या पासिंगला काय ठरवेन, ते मला आज माहीत नाही.

सध्या ऊन उतरलं की चारही काचा खाली करून यवतेश्वरच्या घाटात फिरून येते. मला ते फार आवडतं. हे कारण तुम्हाला पुरत नसेल, तर दुसरं माझ्याकडे नाही.