एवढंच, गोष्ट संपली

दहावीला एका ऑफ तासावर इंग्रजीचे सर आले आणि पुस्तक न उघडताच गोष्ट सांगू लागले. जेम्स जॉईसची 'ॲरबी', 1914 च्या 'डब्लिनर्स' या संग्रहातली. डब्लिनमधला एक पोरगा, मित्राच्या बहिणीवर जीव जडलेला. (इथं मागच्या बाकांवर खाकरणं सुरू झालं.) बाजारातून तुझ्यासाठी काहीतरी आणीन, असा शब्द तो तिला देतो. पैसे काकाकडून मिळायचे आणि काका घरी येतो रात्री नऊला. पोरगा पोचतो तोवर बहुतेक दुकानं बंद. एका दुकानातली मुलगी दोघा पुरुषांशी गप्पा मारतेय. दिवे विझतात. पोराचे डोळे जळजळतात.

"पुढं काय, सर?"

"एवढंच. गोष्ट संपली."

"गोष्ट कुठाय बे ह्यात?" मागून कुणीतरी पुटपुटलं.

आम्हाला सवय प्रेमचंदांच्या 'ईदगाह'ची. हामिद जत्रेत मिठाई-खेळणी सोडून तीन पैशांचा चिमटा घेतो, कारण रोटी भाजताना आजीची बोटं पोळतात. मला तो हामिद कधी पटला नाही. चार-पाच वर्षांच्या पोराला एवढं कळतं? त्या गोष्टीत डोळे उघडतात ते आजीचे. आधी चिडते, मग रडते.

सरांनी विचारलं, "काकाला उशीर का झाला?" कुणालाच सांगता येईना. लेखक कारण देतच नाही, सर म्हणाले. पोराला फक्त ऐकू येतं, काका स्वतःशीच बडबडतोय, कोट टाकला तशी खुंट्यांची घोडी हलतेय. "काय समजायचं?" ढोसून आलाय! वर्ग खदखदला.

मला मात्र आमच्या सोलापूरचं होम मैदान आठवलं. आठवीतला गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा. शोभेच्या दारूकामाची रात्र, आणि अम्मानं पाच रुपये कबूल केलेले. आम्ही पूर्व भागातले, घरात तेलुगू, शाळेत मराठी, आणि अम्मा बिडी वळायची. कारखान्यात बिड्या देऊन ती रोज दिवेलागणीच्या आत परतायची. त्या दिवशी अंधार पडला तरी पत्ता नाही. आली, हातावर दोन रुपये ठेवले आणि चपला कोपऱ्यात सारून लगेच बिड्या वळायचं सूप मांडीवर घेऊन बसली. मी धावत पोचलो तेव्हा दारूकाम संपलं होतं, गर्दी उलटी येत होती. दोन रुपयांत पाळणासुद्धा नाही. घरी येऊन मी ओरडलो, "तुझ्यामुळं!" ती पान कापत होती. मान वर न करता तिनं विचारलं, जेवलास का?

एकदा बिड्या देऊन आल्यावर अम्मा रात्री सूप घेत नसे. त्या रात्री घेतलं होतं. छाट निघाली होती. कारखान्यातल्या माणसानं बिड्या खराब म्हणून बाजूला काढल्या होत्या, म्हणून उशीर, म्हणून दोनच रुपये, म्हणून रात्री पुन्हा पानं. सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलेलं, आणि मला कळलं ते दोन वर्षांनी, भलत्याच देशातल्या काकाची घोडी हलली तेव्हा. (सरांना हे मी कधी सांगितलं नाही. आज इथं सांगतोय.)

घंटा झाली. संध्याकाळी घरी गेलो. अम्मा उंबऱ्यात बसून बिडीचं तोंड दुमडत होती, नखानं, न बघता.

"अम्मा, त्या दिवशी छाट किती निघाली होती?"

"कुठल्या दिवशी?" ती म्हणाली.