कपाशीची वीस बोंडं फोडायला वेळ नाही?

"बोंडं फोडून पाहाले टाइम कोठी हाये भाऊ, फवारूनच टाकतो." आज संध्याकाळी पानठेल्यावर ऐकलेलं हे वाक्य डोक्यातून जात नाही. फवारणीला अख्खा दिवस निघतो, मजुरी वेगळी. पाहणीला मात्र वेळ नाही!

गुलाबी बोंडअळी अंड्यातून निघाली की लगेच बोंडात शिरते. शिरल्याचं बारीक छिद्र बुजून जातं. बोंड वरून हिरवंगार, टणक. मग औषध अळीपर्यंत पोहोचणार कसं?

म्हणून आठवड्यातला एक तास वावराला द्या. आडवंतिडवं फिरून वेगवेगळ्या झाडांवरची 20 हिरवी बोंडं तोडा, तिथंच फोडा. दोनांत अळी दिसली की फवारणीची वेळ आली. एकरी 2 कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे सापळे, लावा, पिकाच्या शेंड्यापेक्षा फूटभर उंच. सलग तीन रात्री सापळ्यात 8-8 पतंग आले, तरी तेच समजा. सापळ्यातलं ल्यूर (वासाची गोळी) जुनं झालं तर पतंग येत नाहीत, अन् आपल्याला वाटतं अळीच नाही.

पाकळ्या मिटून गुलाबाच्या कळीसारखं झालेलं फूल, म्हणजे डोमकळी, दिसताच तोडा. बांधावर फेकू नका. आतली अळी जिवंत असते.

तुमच्या वावरात या आठवड्यात कोणी बोंडं फोडली?