टोमॅटो-ॲव्होकाडोची कोशिंबीर आणि कोकणातली अढी

गुहागरला फोन लावला की पावसापाण्याचं बोलून झाल्यावर वहिनीचा हल्ली एक प्रश्न ठरलेला असतो: "ताई, ते ॲव्होकाडो-टोमॅटोचं सॅलड तुम्ही करता तरी कसं? मुंबईची मंडळी येताना दोन-दोन फळं घेऊन येतात, आणि ती टोपलीतच पडून राहतात." मागून आईचा आवाज येतो, "मी खाल्लं बाई. कडू होतं आणि रबरासारखं चिवट." म्हणून एकदा सगळं नीट लिहूनच काढते. वहिनीसारखा प्रश्न पडलेली घरं कोकणात आता बरीच असणार.

आईला जे कडू लागलं ते कच्चं होतं. सगळी गोम तिथेच आहे, आणि गंमत म्हणजे ती समजून घ्यायला कोकणातल्या माणसाइतकं लायक कोणी नाही.

मी राहते सॅन डिएगोत. इथून उत्तरेला फॉलब्रुकच्या बाजूला गेलं की डोंगरउतारावर ॲव्होकाडोच्या बागाच बागा. इथल्या दुकानात जो काळपट, खडबडीत सालीचा ॲव्होकाडो मिळतो त्याचं नाव हास. रुडॉल्फ हास नावाच्या पोस्टमनने लॉस एंजेलिसजवळ ला हाब्रा हाइट्सला लावलेल्या एका रोपाची ही जात, 1935 साली त्याने तिचं पेटंट घेतलं. ते मूळ झाड 2002 साली गेलं, पण आज जगभर जो हास पिकतो तो सगळा त्याच एका झाडाच्या कलमांवरचा. देवगडच्या बागायतदाराला हे वेगळं सांगायला नको. हापूसही आपण कलमानेच वाढवला.

तर अढी. हापूस तयार झाला की झेल्याने उतरवायचा आणि पेंढ्यात पिकवायचा, हे आपण पिढ्यान् पिढ्या करत आलो. ॲव्होकाडोचंही तेच. उलट आंबा झाडावर पाडाला तरी लागतो, हे फळ झाडावर कधीच मऊ पडत नाही. इथले बागायतदार तयार फळ महिनोन्महिने झाडावरच ठेवतात आणि भाव बघून उतरवतात. तोडल्यानंतरच ते पिकायला लागतं. त्यामुळे दुकानातून टणक फळ आणलं आणि त्याच संध्याकाळी कापलं, तर ते कडू आणि चिवट लागणारच. फळाचा त्यात काही दोष नाही.

कागदात गुंडाळून किंवा भाताच्या पेंढ्यात ठेवा, शेजारी एक पिकलं केळं ठेवा. कोकणातल्या उष्म्यात तीन-चार दिवसांत तयार होईल. टणक असताना फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका. थंडीने गर आतून काळा पडतो आणि मग ते फळ धड पिकतच नाही. पिकल्यावर दोन-तीन दिवस फ्रिजमध्ये चालतं. पिकलं की नाही हे देठापाशी अंगठ्याने हलकेच दाबून कळतं. मध्ये पोटाशी दाबू नका, तिथे डाग पडतो. हासची साल हिरव्याची जांभळट-काळी होते, पण कोडगू आणि तमिळनाडूच्या डोंगरांतून येणारी मोठी, गुळगुळीत फळं पिकली तरी बरेचदा हिरवीच राहतात. ती कानाशी धरून हलवा, बी आत वाजली की तयार. या देशी फळात तेल कमी आणि पाणी जास्त असतं, पण कोशिंबिरीला ती मला आवडतात.

कापायला विळी घ्या. इकडे लोक फळ तळहातावर धरून बीमध्ये सुरी मारतात आणि हात कापून दवाखाना गाठतात. गेल्या खेपेला काकूंनी विळीवर कापलेलं मी शेजारी बसून पाहिलं. दोन्ही हातांत फळ धरलं, पातं बीपर्यंत जाऊ दिलं, मग फळच गोल फिरवलं. दोन्ही अर्धी उलटसुलट पिळली की सुटली. बी चमच्याने उचलली. साल त्यांनी देठाकडून अंगठ्याने सोलली, आणि सालीलगतचा गडद हिरवा गर अजिबात वाया जाऊ दिला नाही. रंगद्रव्यं तिथेच जास्त असतात, म्हणजे काकूंचा हात बरोबर जागी होता.

चौघांसाठी एक मोठा ॲव्होकाडो, तीन लाल पण घट्ट टोमॅटो, अर्धा कांदा, एक हिरवी मिरची, मूठभर कोथिंबीर आणि अर्धं लिंबू. उन्हाळ्यात अलिबागचा पांढरा कांदा मिळाला तर दुसरा कुठला बघूच नका, त्याचा गोडवा इथे फार शोभतो. आधी कांदा-मिरची बारीक चिरून लिंबाच्या रसात दहा मिनिटं मुरू द्या. टोमॅटोच्या बिया आणि पाणचट गर काढून साराला ठेवा, नाहीतर वाडग्यात तळं साचतं. मग पेराएवढ्या टोमॅटोच्या फोडी, सगळ्यात शेवटी ॲव्होकाडोच्या. हाताने, अगदी हलकं कालवा. फोडींच्या कडा थोड्या विरघळतात आणि टोमॅटोला चिकटतात, तेवढं तेल पुरतं, वरून घालायला लागत नाही. मीठ पानं वाढल्यावर, कारण आधी घातलं की टोमॅटो पाणी सोडतो. मिरपूड हवी तर.

लिंबू नुसतं चवीला नाही. चिरलेलं वांगं हवा लागून काळं पडतं तशीच याची फोडही पडते, आंबट रसाने ते लांबतं. लिंबू नसेल तर चमचाभर कोकमाचं आगळ घाला. आगळात मीठ असतंच, तेव्हा वरून मीठ नको. मला तर आगळाचीच कोशिंबीर जास्त आवडते.

आईने वरून फोडणी ओतायला कढलं हातात घेतलं होतं. उष्णतेने ॲव्होकाडो कडवट होतो, म्हणून फोडणी हवीच असेल तर टोमॅटो-कांद्यावर द्या, निवू द्या आणि मग फोडी मिसळा. मोहरी-हिंगाने चव छान येते.

आता तब्येतीचं. 100 ग्रॅम ॲव्होकाडोत साधारण 160 कॅलरी, 15 ग्रॅम स्निग्धांश आणि 7 ग्रॅमच्या आसपास तंतू असतात. तेवढ्याच टोमॅटोत कॅलरी 18. टोमॅटोचा लाल रंग ज्या लायकोपिनचा, ते तेलात विरघळतं. स्निग्ध काही सोबत नसेल तर ते अंगी फार लागत नाही. ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीच्या 2005 सालच्या अभ्यासात साल्साबरोबर, म्हणजे टोमॅटोच्या मेक्सिकन चटणीबरोबर, ॲव्होकाडो खाणाऱ्यांच्या शरीरात लायकोपिन 4.4 पट जास्त शोषलं गेलं. हे वाचलं तेव्हा मला आजीच्या टोमॅटोच्या कोशिंबिरीतलं दाण्याचं कूट आठवलं. ते कूटही स्निग्धच, आणि शेंगदाण्यातलं तेल बरंचसं ॲव्होकाडोतल्यासारखंच असतं. ओल्या खोबऱ्यातलं तेल वेगळ्या जातीचं, बहुतांशी संपृक्त, पण टोमॅटोच्या कामी तेही येतं. म्हणून वहिनीला मी स्पष्ट सांगितलं: पाहुण्यांनी फळं आणली तर आनंदाने खा, पण केवळ 'हेल्दी' म्हणून चिपळूणपर्यंत जाऊन महागाची फळं आणू नका. दाण्याचं कूट घातलेली टोमॅटोची कोशिंबीर त्याच तोलाची आहे. आणि ज्यांना मूत्रपिंडाच्या त्रासामुळे पोटॅशियम कमी करायला सांगितलंय, त्यांनी ॲव्होकाडो आणि टोमॅटो दोन्ही डॉक्टरांना विचारूनच खावं.

दादाचा प्रश्न अर्थातच वेगळा होता: "आपल्या बागेत लागेल का?" हे झाड दालचिनीच्याच कुळातलं, आणि दालचिनी तर आपल्याकडे नारळ-पोफळीच्या सावलीत छान होते. पण ॲव्होकाडोला मुळाशी साचलेलं पाणी अजिबात खपत नाही. कोकणात सुपारीला कोळेरोग आणणाऱ्या फायटोफ्थोराचीच एक बहीण याची मुळं कुजवते. हासचं ते मूळ झाडही मूळकुजीनेच गेलं. तेव्हा पाटाच्या पाण्याची आगराची जागा नको. वरकस उतारावर, पाणी लगेच निघून जाईल अशा जागी, मातीचा उंच ढीग करून त्यावर लावायचं, आणि बी न रुजवता कलमच आणायचं. बीचं झाड फळाला यायला खूप वर्षं घेतं आणि आईच्या गुणाचं निघेल याची खात्री नसते. दादाने घरामागच्या उतारावर काजूच्या पलीकडची जागा धरली आहे. आधी एकच कलम लावून दोन पावसाळे बघ, असं मी त्याला सांगितलंय.