पिंगुळी, चितार आळी आणि रात्रभराचा दशावतार : कुडाळ-सावंतवाडी ट्रिपचा वृत्तांत

सिंधुदुर्गात बहुतेक जण येतात ते मालवण-तारकर्लीसाठी. किल्ला, स्कूबा, मासे आणि परत. त्यात वाईट काही नाही, पण समुद्राकडे पाठ करून कुडाळ आणि सावंतवाडीच्या मध्ये जरा फिरलात ना तर एक वेगळाच जिल्हा दिसतो, जिथे चित्रं, बाहुल्या, लाकडी खेळणी, गंजिफा (हाताने रंगवलेले गोल पत्ते) आणि दशावतार (जत्रेत रात्रभर चालणारं नाटक) हे सगळं पंचवीसेक किलोमीटरच्या पट्ट्यात आहे आणि ते करणारी माणसं तिथेच राहतात, शेती करतात, रिक्षा चालवतात, आणि वेळ आली की वीणा किंवा कुंचला हातात घेतात. आम्ही खास यासाठीच गेलो होतो, म्हणून म्हटलं सविस्तर लिहावं, कोणाला जायचं असेल तर उपयोग होईल.

आधी जायचं कसं ते. मुंबईहून कोकणकन्या रात्री निघते आणि सकाळी कुडाळला सोडते, तुतारी दादरहून सुटते ती सावंतवाडी रोडलाच संपते. सावंतवाडी रोड स्टेशन गावापासून बरंच लांब आहे, तिथून रिक्षा करावी लागते, त्यामुळे आमच्या मते कुडाळला उतरणं सोयीचं. पिंगुळी तिथून अगदी जवळ, रिक्षाने दहा-पंधरा मिनिटं. विमानाने येणाऱ्यांना चिपी विमानतळ आहे पण तिथली फ्लाइट आहे का ते आधी बघा, नाहीतर गोव्याचं मोपा सावंतवाडीला जवळ पडतं. गणपती, मे महिना आणि आंगणेवाडीची जत्रा या तीन वेळी रेल्वेचं तिकीट मिळेल अशी आशाच करू नका. आंगणेवाडीची तर गंमत अशी की भराडीदेवीच्या जत्रेला ठरलेली तिथी नाही, देवीचा कौल (संमती) घेऊन तारीख ठरते आणि ती जाहीर झाल्या झाल्या चाकरमानी तिकिटांवर तुटून पडतात.

पिंगुळी म्हटलं की कोकणातल्या माणसाला राऊळ महाराजांचा मठ आठवतो. त्याच गावात गुढीपूर भागात ठाकर समाजाची वस्ती आहे. चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या, पांगुळ बैल, राधानृत्य, गोंधळ अशा अकरा लोककला हा समाज सांभाळत आलाय असं तिथे सांगतात. परशुराम गंगावणे यांनी 2006 मध्ये आपल्या घराचा गोठा होता तिथे ठाकर आदिवासी कला आंगण हे म्युझियम उभं केलं, आणि 2021 च्या पद्मश्रींमध्ये त्यांचं नाव आलं. बातमी वाचून जाल तर मोठी इमारत, तिकीट खिडकी वगैरे डोळ्यांसमोर येईल, तसं काही नाही. अंगण आहे, घर आहे, आणि भिंतीवर जुनी चित्रं. मला तरी हेच जास्त आवडलं कारण ही कला घरातच वाढली आहे, बापाकडून पोराकडे गेली आहे, तिला काचेच्या हॉलमध्ये नेलं असतं तर निम्मा जीव गेला असता.

चित्रकथी म्हणजे काय हे बऱ्याच जणांना माहीत नसतं (पुण्यात केळकर संग्रहालयात ही चित्रं बघितली असतील तर पैठणी चित्रं या नावाने ओळखत असाल). हाताच्या दोन वितींएवढ्या कागदावर रामायण-महाभारतातला एकेक प्रसंग, असे पुष्कळ कागद मिळून एका कथेची एक पोथी. सांगणारा मांडी घालून बसतो, समोर चित्र उभं धरतो आणि गात गात, मध्येच बोलत कथा पुढे नेतो, साथीला वीणा, हुडूक (डमरूसारखं तालवाद्य) आणि टाळ. प्रसंग संपला की चित्र बदलायचं. सुरुवात गणपतीच्या चित्राने. चेहरे एका बाजूने काढलेले, डोळे केवढे तरी मोठे, आणि लढाईच्या चित्रात तर बाण, रथ, घोडे अशी दाटी की एका चित्राकडे पाच मिनिटं बघत बसावं. आम्ही आधी फोटोत बघितली होती तेव्हा नुसती चित्रं म्हणून सुंदर वाटली होती, पण हुडुकाचा ठेका सुरू झाला आणि तेच चित्र समोर आलं तेव्हा कळलं की हे भिंतीवर लावायला काढलेलंच नाही, हे ऐकायचं चित्र आहे.

पूर्वी हा खेळ देवळात व्हायचा. सावंतवाडीच्या सावंत-भोसले संस्थानाने या लोकांना आश्रय दिला, कोणत्या गावच्या देवळात कोणत्या घराने कथा सांगायची याचे मान ठरलेले होते, नवरात्रात, जत्रेत त्याप्रमाणे ते जायचे. म्हणजे प्रेक्षक आपोआप असायचा. तो आता फारसा राहिलेला नाही, कला टिकली ती घरांनी हट्टाने धरून ठेवली म्हणून. सावल्यांच्या बाहुल्यांचं तर अजूनच अवघड, पातळ चामड्याच्या आकृत्या, मागे दिवा, पुढे पडदा, अंधार हवा, माणसं हवीत, वेळ हवा. आम्हाला त्यातला छोटा भाग बघायला मिळाला. पडद्यावर ती आकृती हलायला लागली आणि आमच्यातली लहान पोरं, जी गाडीत मोबाईल सोडत नव्हती, ती उठून पुढे जाऊन बसली.

जाणाऱ्यांसाठी महत्त्वाचं: आधी फोन करून जा. ही माणसं कार्यक्रमासाठी बाहेरगावी असू शकतात. आणि नुसतं म्युझियम बघून वीस मिनिटांत निघू नका, खेळ बघायची विनंती करा, त्याचे जे पैसे असतील ते घासाघीस न करता द्या, एखाद-दुसरी कथा तरी पूर्ण ऐका. चार-पाच माणसं साथीला बोलवावी लागतात, वाद्यं लावावी लागतात, त्यामुळे ग्रुप असेल तर बरं, दोघंच असाल तर कोणाच्या खेळात सामील होता येईल का ते विचारा. विकत घ्यायचं असेल तर कागदावरचं मूळ चित्र घ्या, आणि कोणी काढलंय त्याचं नाव मागे लिहून मागा. किचेन आणि टीशर्टपेक्षा महाग पडेल पण त्यात काढणाऱ्याचे दिवस गेलेले असतात. व्हिडिओ काढताना एकदा विचारा, सगळा खेळ रेकॉर्ड करून टाकणं बरोबर नाही असं मला वाटतं, त्यांची पोथी हीच त्यांची शेती आहे.

तिथून सावंतवाडी. मोती तलाव, समोर राजवाडा, संध्याकाळी तलावाकाठी फिरायला मस्त. राजवाड्यात गंजिफा बघायला जायचंच. गंजिफा म्हणजे गोल पत्ते. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा, असे 120 पत्ते, सगळे हाताने रंगवलेले. खेळात अर्ध्या रंगांत दश्शी मोठी आणि उरलेल्या रंगांत एक्का मोठा, हे ऐकून आमच्या घरच्या रमीबहाद्दरांचे डोळे फिरले. ही कला जवळजवळ गेलीच होती. 1970 च्या सुमाराला राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वयोवृद्ध कारागिराकडून ती शिकून घेतली, स्वतः राणीसाहेबांनी कुंचला हातात धरला आणि राजवाड्यातच कारागीर बसवून काम सुरू केलं. राजाने आश्रय दिला असं आपण नेहमी वाचतो, इथे राणी शिष्य झाली होती. एका म्हाताऱ्या चिताऱ्याच्या हातात जे होतं ते त्याच्यासोबत गेलं असतं तर आज म्युझियममधल्या जुन्या पत्त्यांशिवाय काही उरलं नसतं. पूर्ण सेट हजारांत जातो, ज्यांना तेवढा खर्च नको त्यांनी सुटे पत्ते किंवा त्याच शैलीतल्या छोट्या वस्तू बघाव्यात. राजवाडा बघायच्या वेळा आणि सुट्टीचा वार आधी विचारून घ्या.

राजवाड्यापासून बाजारात आलं की चितार आळी, म्हणजे लाकडी खेळण्यांची गल्ली. लाकडी फळं, भाज्या, भातुकली, पाट, बाहुल्या. पूर्वी ही खेळणी पांगाऱ्याच्या लाकडाची करायचे, हलकं आणि मऊ लाकूड, आता आंब्याचं वगैरेही वापरतात. दुकानात शिरल्यावर पहिल्याच ढिगाला हात घालू नका, हे इथेच रंगवलेलं आहे का, हाताने का मशीनवर, असं सरळ विचारा, दुकानदार सांगतात. हाताने रंगवलेल्या आंब्यावर हिरव्यातून पिवळ्यात जाणारी छटा असते ती बघा. लहान मुलांसाठी घेताय तर रंग कोणता वापरलाय तेही विचारा. सावंतवाडीला एवढंच, अर्धा दिवस पुरतो.

आता दशावतार, ज्यासाठी खरं तर तारखा जुळवल्या होत्या. त्रिपुरी पौर्णिमेपासून जत्रा सुरू होतात त्या उन्हाळ्यापर्यंत, आज या गावची उद्या त्या गावची, आणि प्रत्येक जत्रेत रात्री दशावतार. सोनुर्लीच्या माऊलीची जत्रा त्याच सुमाराला, लोटांगणाची जत्रा म्हणतात तिला, नवस फेडायला पुरुष देवळाभोवती लोटांगण घालतात आणि बायका उभ्याने प्रदक्षिणा घालतात. तिथे गर्दी अफाट असते. पहिल्यांदा जाणाऱ्याने छोट्या गावची जत्रा गाठावी असं मी सांगेन. आम्ही कुडाळजवळच्या एका छोट्या गावात गेलो, नऊ वाजता पोचलो तर नुसती ओटी भरायची रांग, खाज्याची दुकानं, फुगे, चहा. नाटक किती वाजता म्हणून एका आजींना विचारलं तर म्हणाल्या, "पालखी जाव दे, मगे. वायच बसा." (पालखी जाऊ दे, मग. जरा बसा.) पालखी झाली तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती.

रंगमंच म्हणजे एक पडदा आणि एक बाक. बाक कधी सिंहासन, कधी डोंगर. बाजूला पायपेटी, पखवाज आणि झांज. आधी गणपती, मग सरस्वती, मग वेद चोरणारा काळा संकासूर येतो आणि मालवणीत सगळ्यांची फिरकी घेतो, गावच्या सरपंचापासून समोर बसलेल्या मुंबईकरांपर्यंत कोणी सुटत नाही. मग मुख्य आख्यान. लिहिलेली संहिता नसते. कथा ठरते, कोणाची कोणती भूमिका ते ठरतं, आणि संवाद तिथल्या तिथे उभे राहतात, राजा आणि ऋषी धर्म-अधर्मावर पंधरा पंधरा मिनिटं शब्दांनी भांडतात आणि समोरचा शेतकरी त्यातली एकेक कोटी पकडून दाद देतो. स्त्री भूमिका पुरुषच करतात. आमच्या रात्री राणी झालेला कलाकार रडला तेव्हा मागच्या बायका पदराने डोळे पुसत होत्या. मेकअप, मुकुट, कपडे सगळं ज्याचं त्याने करायचं, पेटाऱ्यातून काढायचं, आधी त्या पेटाऱ्याला नमस्कार. पहाटे दहीकाला झाला आणि मंडळी सामान गाडीत चढवून दुसऱ्या गावी निघाली कारण तिथे त्या रात्री नाटक होतं.

मला या ट्रिपमधून सगळ्यात जास्त हेच जाणवलं. दशावतार टिकून आहे कारण गावाला तो हवा आहे, सुपारी देणारं देऊळ आहे, रात्रभर बसणारे लोक आहेत, त्याला वाचवायला कोणी बाहेरून यायची गरज पडली नाही. गंजिफाला खेळणारे राहिले नाहीत, ती घेणाऱ्यांवर जगतेय. आणि पिंगुळीच्या चित्रकथीला देऊळही कमी झालं आणि गिऱ्हाईकही थोडं, तिला ऐकणारे हवेत. म्हणून वेळ कमी असेल आणि एकच करायचं असेल तर मी पिंगुळीत बसून एक कथा पूर्ण ऐका असंच सांगेन, जरी मजा दशावतारात जास्त आली असली तरी.

दशावताराला जाणाऱ्यांसाठी अजून थोडं. जत्रेतलं नाटक सगळ्यांसाठी मोकळं असतं. पोस्टरवर "ट्रिकसीन" लिहिलं असेल तर त्यात धूर, लाईट, अधांतरी चमत्कार असतात, पोरांना आवडतं, पण पहिला दशावतार साधा बघा, शब्दांचा. बहुतेक जत्रा तिथीवर असतात त्यामुळे इंग्रजी तारीख दरवर्षी बदलते, कालनिर्णय घेऊन बसा आणि जिथे राहणार आहात त्या घरमालकांना फोन करून "त्या आठवड्यात जवळ खंय जत्रा आसा?" एवढं विचारा, ते सगळं सांगतील, बहुतेक सोबतही येतील. दुपारी झोप काढून जा. बसायला चटई, अंगावर शाल, डिसेंबर-जानेवारीत पहाटे चांगलीच थंडी असते. परतीची रिक्षा आधीच ठरवा, रात्री तीन वाजता काही मिळत नाही. देवळात ओटीला नारळ-केळी न्या. जेवण आठ वाजताच उरका, आम्ही कुडाळात घावणे आणि काळ्या वाटाण्याचं सांबार खाऊन गेलो होतो ते पहाटेपर्यंत पुरलं. पावसाळ्यात मात्र मंडळांचे खेळ बंद असतात, बरेच कलाकार तेव्हा शेतात असतात, त्या दिवसांत येणार असाल तर पिंगुळी आणि सावंतवाडी एवढाच बेत ठेवा.