तेविसावी फ्रेम

निगेटिव्हच्या वाळलेल्या पट्ट्या दिव्यासमोर धरून आता तिसऱ्यांदा पाहिल्या. छत्तीसपैकी पस्तीस ठीक. तेविसावी काळीठिक्कर, म्हणजे उजेड फार जास्त पडलेला. आणि तेवीसवरच माई आहे.

पहिला संशय नेहमीप्रमाणे केमिकलवर. पण फिल्मच्या कडेला छापलेले आकडे जेवढे गडद असायला हवेत तेवढेच आहेत. डेव्हलपिंग जास्त झालं असतं तर ते आकडेही चढले असते आणि शेजारच्या बावीस-चोवीसही. म्हणजे डेव्हलपिंगचा डबा निर्दोष. मग शटर. माझ्या झेनिट-ई कॅमेऱ्याचे कापडी पडदे म्हातारे झाले की रेंगाळतात, हे खरं. पण पडदा रेंगाळला तर उजेड वाढतो, फोकसची खोली, म्हणजे पुढेमागे किती अंतरापर्यंत चित्र धारदार राहतं ते, काही बदलत नाही. इथे तीच बदललीय. साधारण १.२ मीटरवरून ५८ मिलिमीटरच्या लेन्सला एफ ८ वर (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं भोक, म्हणजे ॲपर्चर, मोठं) सुमारे २० सेंटीमीटर खोली मिळते. नाकाच्या शेंड्यापासून कानामागच्या केसांपर्यंत सगळं त्यात बसायला हवं होतं. निगेटिव्हवर भिंग ठेवलं तर पापण्या धारदार आणि कान विरघळलेला. म्हणजे जेमतेम ५ सेंटीमीटर. म्हणजे एफ २.

तरी मन मानेना, म्हणून कोपरे पाहिले. मागची पानं गोल गोल फिरताहेत. माझ्या हेलिऑस ४४-२ लेन्सची ही भोवरी ती पूर्ण उघडी असतानाच दिसते. कडेने येणारा प्रकाश लेन्सच्या नळीतच कापला जातो, प्रकाशाचे ठिपके मांजरीच्या डोळ्यासारखे लांबट होतात आणि मध्याभोवती फेर धरतात. एफ ८ वर यातलं काही उरत नाही. आता संशयाला जागा नाही. ॲपर्चरची रिंग बंद करायची राहिली.

एवढीशी गोष्ट. आणि मी दोन तास तिच्याभोवती फिरतेय.

या लेन्सवर ॲपर्चरच्या दोन रिंगा. आकड्यांची रिंग एफ ८ वर नेली म्हणून आतली आठ पाती मिटत नाहीत. ती फक्त हद्द आखते. मिटवते ती शेजारची, बिनखटक्याची रिंग. उघडी ठेवून फोकस करायचा, मग न बघता ती अडेपर्यंत फिरवायची, मगच बटण. उघडी ठेवावी लागते कारण एफ ८ वर व्ह्यूफाइंडरमध्ये एफ २ च्या सोळावा हिस्सा उजेड येतो, आणि झेनिटची खिडकी मुळातच अंधुक. त्या अंधारात पापणी कुठली आणि भुवई कुठली!

मला खुपतंय ते हे. बटण दाबलं तेव्हा खिडकी उजळ होती. रिंग बंद केली की समोरचं चित्र काळवंडतं, तीच तर खूण. ती खूण आली नाही आणि मला काही वेगळं वाटलंच नाही. उलट छान स्वच्छ दिसतंय म्हणून बोट पुढे गेलं असणार. माई तेव्हा काहीतरी म्हणाली होती. असो.

हेलिऑसचीच नंतरची ४४एम लेन्स असती तर असं झालं नसतं, हे मनात येऊन गेलं. तिला मागे पिन असते, बॉडीने दाबली की पाती आपोआप मिटतात. पण झेनिट-ईमध्ये ती पिन दाबणारी पट्टीच नाही. तिथे ४४एम ची कळ एम (मॅन्युअल) वर नेऊन पुन्हा हातानेच कारभार. नंतरच्या ४४एम-४ ला तर ती कळही नाही, म्हणजे झेनिट-ईवर ती कायम सताड उघडी. पट्टी असलेली बॉडी घेतली तरी जुनं ग्रीस ओघळून पात्यांवर आलं की ती चिकटतात, उशिरा मिटतात, आणि फ्रेम अशीच काळी येते. फरक एवढाच की तेव्हा दोष लेन्सला देता येतो. माझ्या लेन्सच्या पात्यांवर तेलाचा थर आहे, पण त्यांना स्प्रिंग नाही, हात नेईल तिथे जातात. बिचारीने आपणहून मिटायचं वचन कधी दिलंच नव्हतं. चुकायची सगळी जागा तिने माझ्यासाठी मोकळी सोडलीय.

बरं, चार स्टॉप (दर स्टॉपला उजेड दुप्पट) जास्त म्हणजे सगळं गेलं असंही नाही. फिल्मवर प्रकाश सोळा पट पडला तरी काळेपणा त्याच प्रमाणात वाढत नाही. नेहमीच्या डेव्हलपिंगला प्रिंट काढताना एन्लार्जरखाली पाच-सहा पट वेळ द्यावा लागेल. दहा सेकंदांच्या जागी पन्नासेक. ग्रेन ढोबळ येईल. कपाळ आणि गाल एकमेकांत मिसळलेत, तेव्हा कागद २ च्या जागी ३ किंवा ४ ग्रेडचा, म्हणजे फरक जास्त उठवणारा. निगेटिव्हचा काळेपणा उतरवणाऱ्या फार्मर रिड्यूसरचा मोहही झाला: पोटॅशियम फेरीसायनाइड आणि हायपो (फिक्सरमधलं रसायन) ऐनवेळी मिसळायचे, कारण मिश्रण काही मिनिटांतच निकामी होतं, आणि ओली निगेटिव्ह त्यात हलवत राहायची. एकत्र मिसळून वापरलं की ते सगळीकडून सारखं काळं खरवडतं, म्हणजे अशा निगेटिव्हला तसं योग्यच. पण हवं त्याच्या थोडं आधी काढून धुवावं लागतं. क्षणभर जास्त राहिलं तर सावल्यांमधला तपशील जातो तो जातोच. वेळेवर थांबण्याबाबत या हातांवर आज माझा विश्वास नाही. त्यामुळे राहू दे.

उद्या माईला परत बसवावं का, हा विचार केला आणि सोडला. तो उजेड परत मिळेल, पण

रिकामा झेनिट घेऊन टेबलावरच्या दिव्याकडे बघत बसलेय. डावा अंगठा रिंगेवर. उघडली, फोकस, अडेपर्यंत फिरवली. खिडकी अंधारली. आता बटण. पुन्हा उघडली.