धालोला माइक कुठे लावायचा?

साउंडच्या धंद्यात सगळ्यात सोपा कलाकार म्हणजे भजनी बुवा. एकदा बसला की हलत नाही. सगळ्यात अवघड कोण, ते गोव्यात काणकोणातल्या एका आदिवासी महोत्सवात कळलं.

दुपार भाषणांत गेली. गावडा, कुणबी आणि वेळीप समाजांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला ते २००३ हे साल प्रत्येक वक्त्याने सांगितलं. व्यासपीठाच्या कडेला दोन तसबिरी होत्या, मंगेश गावकर आणि दिलीप वेळीप यांच्या. २५ मे २०११ च्या आदिवासींच्या बाळ्ळीच्या आंदोलनात गेलेले तरुण. दोन मिनिटं स्तब्धता म्हटल्यावर मी सगळे चॅनल म्यूट केले, पण जनरेटरची घरघर कशी म्यूट करणार? पोऱ्याला पिटाळून तोच बंद करायला लावला.

संध्याकाळी घुमटवाले आले. घुमट म्हणजे मातीच्या मडक्यावर कातडं चढवलेलं वाद्य. २०१९ पासून ते गोव्याचं वारसा वाद्य, पण पूर्वी त्यावर घोरपडीचं कातडं चढायचं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ते गेलं, आता बकऱ्याचं चढतं. दव पडायला लागलं की ते सैल होतं. वादक एकेक करून माझ्या हॅलोजनपाशी घुमटं शेकायला उभे. माइक मी कातड्याकडे लावला नाही, मडक्याच्या उघड्या तोंडाकडे लावला, कारण वादकाचा डावा हात तिथे झाकतो-उघडतो आणि खरी गंमत तिथेच असते.

मग धालो, म्हणजे बायकांनी गात गात करायचा पारंपरिक नाच. आयोजकांनी आखलं होतं की बायका प्रेक्षकांकडे तोंड करून एका रांगेत उभ्या राहतील आणि पुढे पाच माइक असतील. फोटोही चांगले येतील म्हणे. बायका स्टेजवर आल्या त्या चपला खाली काढूनच. केबल टेपने चिकटवत बसलेल्या माझ्या पोऱ्यालाही त्यांनी बूट काढायला लावले. आणि न सांगता दोन रांगांत समोरासमोर उभ्या राहिल्या, एकमेकींच्या पाठीवर हात टाकून.

"मावशी, जरा इकडे तोंड करा ना," आयोजक म्हणाले.

"मगे त्यो कोणाक म्हणटल्यो?" समोरच्या रांगेकडे हनुवटी करत मावशी म्हणाली.

बरोबरच होतं तिचं. एक रांग ओळ म्हणते, समोरची ती उचलते. दोन्ही रांगा वाकत पुढे येतात, मागे जातात. मध्ये स्टँड ठेवला तर पहिल्याच झुकण्यात आडवा होणार. मी दोन कंडेन्सर माइक वरच्या ट्रसवरून सोडले, एकेका रांगेवर एक. उघड्या मैदानात टांगलेला माइक म्हणजे शिट्टीला आमंत्रण, म्हणून स्टेजवरचे मॉनिटर, म्हणजे कलाकारांना स्वतःचा आवाज ऐकवणारे स्पीकर, सरळ बंद केले. त्यांना मॉनिटर हवेच कशाला? समोरची बाई ऐकू येत होती. एक रांग डाव्या स्पीकरला दिली, दुसरी उजव्या. ओळ मैदानाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायला लागली तेव्हा खुर्च्यांवरची माणसं माना वळवून बघू लागली. वाद्य एकही नाही, नुसते गळे.

हेडफोनमध्ये मात्र मला बरंच जास्त ऐकू येत होतं. नमन संपता संपता एकजण शेजारणीला विचारत होती, भात झाकून आलीस ना?

निवेदकाच्या कागदावर शेवटी 'रंभा' लिहिलेलं होतं. पौषात मांडावर, म्हणजे गावातल्या पवित्र अंगणात, धालो चालतात, त्यात शेवटच्या रात्री काही बायकांच्या अंगात रंभा येते. निवेदकाने तसं माइकवर जाहीरही करून टाकलं. पुढारीण मावशी माइकसाठी थांबली नाही.

"रंभा मांडार येता. हांगा ना," एवढं म्हणून तिने फुगडी सुरू केली. माझ्या मते त्या दिवसाचं सगळ्यात स्वच्छ निवेदन तेच. निवेदकाला मात्र ते पटलं नाही, तो फुगडीभर माझ्याकडेच रागाने बघत होता, जणू माइक मीच बंद केला होता.

रात्री हिशेबाला बसलो तेव्हा खजिनदारांनी बिलातल्या एका ओळीवर बोट ठेवलं.

"मॉनिटर चार. पण धालोला तर ते बंद होते ना?"

"होते."

"मग त्यांचे पैसे?"

अर्धे कापले.